नॉर्मल क्रमांक आठ

आमच्या एमआरआय सेंटरच्या दारावर एका सोमवारी पुठ्ठ्याची पाटी लागली: 'नॉर्मल माणसे पाहिजेत. चौकशी रविवारी दुपारी दोननंतर.' पहिल्याच रविवारी एक पदवीधर नोकरी समजून सर्टिफिकेटांची फाइल घेऊन आला, आणि कॉलेज रोडच्या एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. “ह्यांना एकदा आत घालून बघाच,” त्या म्हणाल्या, “आणि काय निघेल ते कागदावर द्या.” डॉक्टरांनी त्या गृहस्थांना अर्धा तास मशीनमध्ये ठेवलं आणि ते नॉर्मल क्रमांक एक ठरले. बाईंचा चेहरा पडला. जाताना त्यांनी मला हळूच विचारलं, मुंबईला याहून मोठं मशीन आहे का म्हणून.

पाटी लावणारे डॉक्टर आमच्या सेंटरचे नव्हते. ते मेंदूचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना नाशकातच, रविवार कारंज्यापाशी एका अंधाऱ्या जिन्याच्या वर होता. मी सेंटरची टेक्निशियन. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी लागले तेव्हा आमच्याकडे नुसतं सीटी स्कॅन होतं, एमआरआय दोन हजार सालानंतर आलं, आणि मशीनच्या मागोमाग डॉक्टर आले. गावात त्यांना 'मेंदूवाले' म्हणत. माझ्या आईचं मत असं होतं की दुसऱ्यांच्या डोक्यात डोकावण्याच्या नादात या माणसाचं स्वतःचं डोकं कुठेतरी ठेवायचं राहून गेलंय. आईने त्यांना फक्त एकदा पाहिलं होतं, भाजीबाजारात. एका म्हाताऱ्या भाजीवालीसमोर उकिडवे बसून ते तिला पुन्हा पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला लावत होते. बांधलेल्या सगळ्या जुड्या शेवटी त्यांनाच घ्याव्या लागल्या.

त्यांचा दवाखाना बघून नवा पेशंट उंबऱ्यातूनच परत फिरायचा. आत शिलाई मशीन, विळी, तबल्याची जोडी, टायपरायटर, गवंड्याची थापी आणि स्कूटरचं एक सुटं हँडल. पेशंट खुर्चीत टेकून “डॉक्टर, माझा हात...” म्हणायला लागला की ते त्याला थांबवायचे. “सांगू नका. दाखवा.” मग शिंप्याने शिवायचं, टायपिस्टने टाइप करायचं. एका गवंड्याने त्यांच्या भिंतीला निम्म्यापर्यंत गिलावा केला आणि जेवून येतो म्हणून गेला तो आलाच नाही. ती भिंत पुढे कायम तशीच राहिली.

त्यांचा जीव एका विचित्र आजारात अडकला होता. रिपोर्ट पोचवायला मी दवाखान्यात गेले होते तेव्हा कळवणकडचे एक मास्तर तिथे बसले होते. मास्तर फळ्यावर खडूने सुरेख लिहायचे. तोच हात कागदावर पेन धरून दुसऱ्या ओळीला पोचला की मनगट आत वळायचं आणि बोटं पेनाला अशी आवळायची की ते सोडवायला दुसरा हात लागायचा. शाळेत सगळ्यांचं एकमत होतं की मास्तर जनगणनेचं काम टाळतायत. डॉक्टरांनी त्यांना माझ्यासमोर चार वेळा लिहायला लावलं आणि चारही वेळा हात वळल्यावर घरात पेढे वाटायची वेळ आल्यासारखे खूश झाले. मास्तर मात्र रडकुंडीला आले होते.

“हाताला काही झालेलं नाही,” डॉक्टर मला म्हणाले. “हाड ठीक, नस ठीक. बिघाड वरच्या मजल्यावर.” याला डिस्टोनिया म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. हात इतर सगळी कामं करतो. ज्या एका कामात आयुष्य गेलं तेवढंच करायला गेलं की वळतो. मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी खोली असते, एकच काम वर्षानुवर्षं केलं की मधल्या भिंती पडतात आणि मग एका बोटाला हाक मारली की पाचही धावत येतात, असं त्यांनी मला समजावलं. त्यांना त्या पडलेल्या भिंतींचा फोटो हवा होता. “परदेशात पियानोवाल्यांचे हात बघतात,” ते म्हणायचे. “आमच्या विंचूरला कांद्याची पोती शिवणाऱ्याचा हात कोण बघणार? मीच.” म्हणून आठ धंद्यांतले आठ आजारी घ्यायचे आणि त्यांच्या जोडीला त्याच धंद्यांतले आठ नॉर्मल, असा त्यांचा बेत होता. कॉलेज रोडच्या बाईंचे यजमान जन्मभर बँकेत लिखापढी करत आलेले, म्हणून ते मास्तरांच्या जोडीला चालले.

आमचं मशीन त्यांना रविवारी फुकट मिळायचं, त्याची कथा अशी. सेंटरच्या मालकांच्या मुलीचं लग्न होतं. स्टेजवर भेटायच्या रांगेत डॉक्टर उभे होते. पाळी आल्यावर नवरा-नवरीकडे न बघता ते मालकांना म्हणाले, “तुमच्या वडिलांचा उजवा हात चालताना हलत नाही. डावा हलतो. बघून घ्या.” लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये हे वाक्य स्वच्छ आलंय. मालक वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मग वडिलांचा तोच हात कापायला लागला, पार्किन्सन निघाला, औषधं सुरू झाली आणि म्हातारबुवा पुन्हा आपली दाढी आपण करायला लागले. तेव्हा मालकांनी रविवारी दुपारी दोन ते सहा मशीन डॉक्टरांच्या हवाली केलं. माझा रविवारही त्यातच गेला. मला कुणी विचारलं नाही.

एमआरआय मशीन म्हणजे कधीच बंद न होणारं अवाढव्य लोहचुंबक. तिथे अंगावर धातू चालत नाही. बाकीचे डॉक्टर दारात घड्याळ आणि पट्टा काढून ठेवतात. हे घरूनच तयार होऊन निघायचे. नाडीचा लेंगा, कापडी गुंड्यांचा सदरा, रबरी चपला, आणि प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा, त्याच्या काडीचा स्क्रू काढून तिथे दोरा ओवलेला. त्या अवतारात ते शरणपूर रोडने चालत यायचे. स्कूटर आणत नसत, कारण स्कूटरला किल्ली असते. माणसांवर ते खेकसायचे आणि मशीनला अहोजाहो करायचे. “चला, उठा आता, माणसं आलीत,” असं मशीनला म्हणून मग माझ्यावर ओरडायला वळायचे.

माणसाने आत झोपून आपलं नेहमीचं काम करायचं, हात वळला की त्याच क्षणी मेंदूत काय चालतं त्याचा फोटो घ्यायचा. ऐकायला सोपं आहे. अडचण एवढीच की बहुतेक कामं लोखंडाने होतात. जुन्या नाशकातले एक तांबट पेशंट होते. त्यांची हातोडी आत नेली असती तर मशीनने तांबटांसकट ओढून घेतली असती. डॉक्टरांनी सुताराकडून सागवानी हातोडी करून घेतली, शिंप्यासाठी लाकडी कात्री, विंचूरच्या पोतीवाल्यासाठी बांबूचा दाभण. सगळं आत चाललं, फक्त आजार चालेना. खोटं हत्यार हातात दिलं की हात सरळ. तांबट पोटावरच्या उशीवर पंधरा मिनिटं ती हातोडी इतक्या सफाईने चालवत होते की बाहेर आल्यावर म्हणाले, “डॉक्टर, हीच घेऊन जाऊ का घरी?”

“हाताला फसवता येत नाही,” डॉक्टर म्हणाले. हताश झाले होते, पण आवाजात हाताचं कौतुक होतं.

वर्षभरात सात आजारी आणि त्यांच्या जोडीचे सात नॉर्मल झाले. सातही आजारी मशीनमध्ये ठणठणीत.

प्रत्येकाचे फोटो एका पांढऱ्या पाकिटात जायचे. पाकिटावर मारायला त्यांनी एक शिक्का करून घेतला होता, 'दिसलं:' एवढ्याच शब्दाचा, आणि त्याच्यापुढे दोन ओळींत काय ते लिहायचं. एकदा मी लिहिलं, 'बहुधा नॉर्मल असावे.' त्यांनी पाकीट माझ्यासमोर फाडलं. “दिसलं ते लिही. वाटलं ते घरी जाऊन आईला सांग.” त्यांच्याबद्दल मला काय वाटलं ते मी त्या दिवशी आईला सविस्तर सांगितलं.

आठवा पेशंट बिनधातूच्या धंद्यातला हवा होता. तो शोधत ते सिन्नरच्या विडी कामगारांच्या गल्लीत पोचले. विडीला लागतं काय, तर कापलेलं पान, तंबाखू, दोरा आणि दहा बोटं. ओट्याओट्यावर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या आणि डॉक्टर लेंगा सावरत प्रत्येकीसमोर उकिडवे बसत चालले. एका दारात सून धुणं धूत होती आणि सासू डाव्या हाताने भराभर विड्या वळत, सुनेला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीशी बोलत होती. ते बोलणं ऐकून डॉक्टर तिथेच थांबले.

पुढच्या रविवारी दोघी सेंटरला आल्या. सासू भागाबाई, सून मंदा. भागाबाई पन्नाशीच्या पुढच्या, काटक. त्यांच्या विडीला गल्लीत नाव होतं. कारखान्याच्या चेकरने त्यांची विडी कधी बाजूला काढली नव्हती. मंदा पंचविशीची, मान खाली घालून बसलेली.

“डाक्टर,” भागाबाई म्हणाल्या, “हिचा हात भाकरी थापतो, धुणं आपटतो, दळण निवडतो. विडी वळाया घेतली का वाकडा. पयले चांगली वळायची. आता येक वरीस झालं नुसतं नाटक. आमच्या घरात बसून खाणारं कुणी नाय. आज मशीन काय म्हणतंय ते ऐकते, आन् कायबी निघालं नाय तर हिला माहेरी पोचवते. तिकडं राह्यली तर राह्यली.”

“मशीन काही म्हणत नसतं,” डॉक्टर म्हणाले.

“खोटं पकडतं म्हणत्यात ना. समद्या गल्लीला ठाव हाय.”

डॉक्टर भडकले. “हे खोटं पकडायचं मशीन नाही. डोक्यातलं पाणी कुठे किती आहे त्यावरून फोटो काढतं.”

“मंग बराबर हाय. हिच्याच डोक्यात पाणी.”

मंदा तेव्हा पहिल्यांदा बोलली. “मला घाला आत. खोटी निघाले तर मी आपल्या पायानं माहेरी जाईन.” तिचं माहेर पेठच्या बाजूला, डोंगरात. तिकडे तिला परत घ्यायला कुणी उत्सुक नसणार, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिला मंगळसूत्र काढायला सांगितलं. ती घाबरली. भागाबाईंनी पिशवीतून पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं हळकुंड काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. त्या घरूनच तयारीने आल्या होत्या. मघापासून मला त्यांचा राग आला होता, तो त्या हळकुंडाने थोडा गोंधळात पडला.

पहिल्या रविवारी डॉक्टरांनीच घोळ घातला. ते तंबाखूचे हाडवैरी. रिक्षावाल्याच्या हातातली पुडी हिसकून गटारात टाकणारा माणूस, तो मशीनच्या खोलीत तंबाखू कसा येऊ देणार? त्यांनी तंबाखूऐवजी चहाची पूड ठेवली. मंदाने आत झोपून, न बघता, पोटावर ठेवलेल्या सुपातून चहाच्या एकवीस विड्या वळल्या. एकही वाकडी नाही. काचेपलीकडून भागाबाई बघत होत्या. “पाह्यलं?” एवढंच त्या मला म्हणाल्या.

सातदा ठेच लागूनही आठव्यांदा खोटं सामान देणारा माणूस शहाणा म्हणायचा की कसं, हे मी त्यांना तोंडावर विचारलं. ते ओरडले नाहीत. खाली बघत म्हणाले, “त्यांना म्हणावं, पुढच्या रविवारी तुमचाच तंबाखू आणा. आणि तोवर हिला पोचवू नका.”

पुढच्या रविवारी आमच्या एसी सेंटरमध्ये विडीच्या तंबाखूचा असा घमघमाट सुटला की सोमवारचे पेशंटसुद्धा शिंकत होते. तंबाखूचं गाठोडं डॉक्टरांनी स्वतः, नाकाला रुमाल लावून, दोन बोटांत धरून आत नेलं. मंदाचं डोकं मी स्पंजच्या उशांमध्ये घट्ट बसवलं. डॉक्टर तिच्या पायापाशी उभे राहिले. पायावर एकदा थोपटलं की वळायला लागायचं, पुन्हा थोपटलं की थांबायचं. मशीनची ठोकठोक सुरू झाली. पहिलं पान वळून झालं. दुसऱ्याला तर्जनी दुमडली, अंगठा तळव्यात घुसला, मनगट वळलं आणि पान चुरगळलं.

“वळला!” आतून मंदाचा आवाज आला. “डाक्टर, वळला!”

डॉक्टर त्या खोलीत अक्षरशः नाचले. लेंग्याची नाडी लोंबत होती, हात वर, आणि तोंडाने काहीतरी ओरडत होते ते मशीनच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदा खरा आजार खऱ्या मशीनमध्ये आला होता. मी मात्र पडद्याकडे बघत होते. ओरडताना मंदाचं डोकं हललं होतं आणि सगळे फोटो फिसकटले होते. आम्ही पुन्हा घेतले. पण आता ती रडत होती, आणि रडणाऱ्या माणसाचं डोकं स्थिर राहत नाही. तिसऱ्यांदाही तेच झालं.

बाहेर बाकावर भागाबाई बसल्या होत्या. “काय म्हणलं मशीन?”

“फोटो हलले,” डॉक्टर म्हणाले. “फोटोत काही दिसत नाही. पण हिचा हात वळला, तो मी डोळ्यांनी पाहिला.”

“तुमी आज पाह्यला. मी रोज पाहते.” भागाबाई शांतपणे म्हणाल्या. “वळतो ते मलाबी दिसतं, डाक्टर. हात आपला आपण वळतो का ही वळवते, ते सांगा.”

मंदा डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द बोलायचा होता. 'आपोआप वळतो' म्हटलं असतं तर जगात कुणाचं काय बिघडणार होतं? या माणसाने पेशंटसमोर उभं राहून चष्म्याचा दोरा चाचपला आणि म्हणाला, “ते दिसत नाही.”

मला त्या क्षणी त्यांचा जेवढा संताप आला तेवढा पुढे कधी कुणाचा आला नाही. मंदा गळ्यातलं हळकुंड काढून मंगळसूत्र घालायला लागली आणि तिचे हात अगदी सरळ, नेमके चालत होते, हे मला बघवेना.

“मंग ठरलं,” भागाबाई म्हणाल्या.

यावर एखाद्याने निदान पाणी तरी विचारलं असतं. डॉक्टर भागाबाईंना म्हणाले, “आता तुम्ही झोपा आत. हिच्या जोडीला मला नॉर्मल पाहिजे. तोच धंदा, तेच घर, तोच तंबाखू. तुमच्याहून चांगला नॉर्मल मला जिल्ह्यात मिळणार नाही.” मी काही बोलणार तेवढ्यात भागाबाईच उठल्या. सुनेच्या देखत कुणीतरी त्यांना जिल्ह्यातल्या पहिल्या नंबरच्या नॉर्मल ठरवलं होतं, नाही कशाला म्हणतील?

नाकातली मोरणी साबण लावून काढावी लागली. टेबलावर झोपवल्यावर डॉक्टर म्हणाले, “उजव्या हाताने वळायचं.”

“मी डावरी हाय.”

“सगळ्यांचे फोटो उजव्या हाताचे आहेत. सावकाश वळा. चुकलं तरी चालेल. नाही जमत का उजव्याने?”

भागाबाईंनी काचेकडे मान वळवली. काचेपलीकडे मंदा नव्हती, ती बाहेर बाकावर होती. “जमतंय की,” त्या म्हणाल्या. “पयले उजव्यानंच शिकले व्हते.”

मशीन सुरू झालं. डॉक्टरांनी पायावर थोपटलं. पहिली विडी झाली, दुसरी झाली. उजव्या हाताने इतकी सुबक विडी मंदानेही वळली नव्हती. तिसऱ्याला तर्जनी दुमडली. अंगठा तळव्यात घुसला, मनगट वळलं, पान चुरगळून तंबाखू गाउनवर सांडला. तेच सगळं, त्याच क्रमाने. डॉक्टर नाचले नाहीत. ते नुसते उभे राहिले, आणि पुन्हा थोपटायचं विसरले.

मी पडद्याकडे पाहिलं. भागाबाईंचं डोकं तसूभरही हललं नव्हतं. लपवायची सवय असलेल्या माणसाचं डोकं हलत नाही. कच्च्या फोटोतसुद्धा दिसत होतं: बोटांचे वेगवेगळे ठिपके दिसायला हवेत तिथे एकच मोठा डाग पसरलेला. डॉक्टर वर्षभर ज्याच्यासाठी वणवण फिरले होते ते आता पडद्यावर होतं, आणि ते नॉर्मलचं होतं.

भागाबाई टेबलावर उठून बसल्या तेव्हा उजवी मूठ डाव्या हातात दाबून धरली होती. आम्ही दोघं आणि त्या, एवढेच त्या खोलीत होतो.

“मी वळवला नाय, डाक्टर,” त्या म्हणाल्या. “आपोआप वळला.”

“दिसलं मला,” डॉक्टर म्हणाले.

“थोरला पोटात व्हता तवापासून हाय. सासू म्हणायची, बाळतपणाआधीच नाटकं सुरू केली. पहाटं समदे उठायच्या आत उठून मी डाव्या हाताला शिकवलं. सहा महिनं. मंग डावरी म्हणून खपून गेलं. मला वाटलं, इतक्या वर्सांनी गेलं आसंल. मला कुणी खरं मानलं नाय. मंग मीच मला खरं मानायचं सोडलं. वाटलं, मीबी नाटकच करत आसंल.”

डॉक्टरांनी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यासमोर पहिल्यांदा, पेशंटच्या समोर उकिडवे न बसता शेजारी बसले. “बाहेर जाऊन हेच सुनेला सांगा.”

“सांगते.” भागाबाईंनी काचेतून पडद्याकडे बोट केलं. “पण ते ठिवू नका. तीस वरीस माझ्या विडीला नाव हाय. उद्या कुठं छापलं, कुणी वाचलं, तर चेकर माझी विडी दोनदा उलटून बघंल.”

नाव छापत नाहीत, सिन्नरला असलं कुणी वाचत नाही, हे सगळं डॉक्टर सांगू शकले असते. खरंही होतं ते. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. आठ आजाऱ्यांत एकाच्याही आजाराचा नीट फोटो नाही, आणि हा एक, इतका स्वच्छ. मग मला म्हणाले, “काढून टाक.”

“डॉक्टर, नुसता नंबर ठेवला तर...”

“त्या नको म्हणतायत ना? काढून टाक.” मग मशीनकडे वळून म्हणाले, “तुम्हीही विसरा.”

मी फोटो पुसला. मला तेव्हा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

बाहेर मंदा पिशवी आवरून उभी होती. भागाबाई बाकावर बसल्या, तिच्या हातातलं सूप आपल्या मांडीवर ओढलं आणि डाव्या हाताने पान घेतलं. “बस हितं,” त्या म्हणाल्या. “असं धर. अंगठा खाली. उजव्यानं नुसतं धरायचं, वळायचं नाय. त्याला कामच सांगायचं नाय.”

“आत्या, तुमचं बरं हाय, तुमी डावऱ्या,” मंदा म्हणाली.

“खुरपं कोणत्या हातानं धरते मी?”

मंदा विचार करायला लागली. मग तिने सासूच्या उजव्या हाताकडे पाहिलं, तो सुपाच्या कडेवर अजून थोडा आखडलेला होता, आणि खूप वेळ ती तिथेच बघत राहिली.

“आत्या, माहेराचं...”

“गप. सहा महिनं लागतील. पान धर.”

भागाबाईंनी वळलेली विडी दोऱ्याने बांधून सुपात टाकली. डॉक्टर पुढे झाले. “ही मला द्या.”

“तुमी कवापासून वढाय लागले?” भागाबाईंनी विचारलं. त्या दिवसात त्या तेवढ्या एकदाच हसल्या.

डॉक्टरांचं संशोधन काही पार पडलं नाही. मुंबईत डॉक्टरांच्या एका बैठकीत त्यांनी ते मांडलं. मशीनमध्ये ठणठणीत असलेले सात आजारी आणि सात नॉर्मल ऐकून सभागृह हसलं, असं त्यांनीच मला येऊन सांगितलं. बेत आठांचा होता ना, मग आठवा नॉर्मल कुठे गेला, असं कुणीतरी विचारलं. “नॉर्मल निघाला नाही,” असं सांगून ते खाली बसले. त्यानंतरही बरीच वर्षं ते लोकांना दवाखान्यात कामं करायला लावत राहिले. मास्तरांना फळ्यावर लिहू द्यावं, कागद दुसऱ्याने लिहावेत, असं पत्र त्यांनी शाळेला इतक्या वेळा पाठवलं की शाळेने कंटाळून ऐकलं.

दवाखाना बंद करून ते पुण्याला मुलीकडे राहायला गेले तेव्हा शिलाई मशीन शिंप्याला मिळालं, सागवानी हातोडी तांबटांना. माझ्याकडे पांढऱ्या पाकिटांचा गठ्ठा आला. मी तो कपाटावर टाकला आणि तिथेच विसरले. परवा सेंटर नव्या जागेत हलवताना तो खाली आला. एक पाकीट फार हलकं लागलं म्हणून उघडलं. आत फोटो नव्हता, एक विडी होती. तंबाखू वाळून भुगा झालेला, पान करडं पडलेलं, दोरा मात्र जागच्या जागी. पाकिटावर डॉक्टरांचं अक्षर, आणि ते या एकदाच सरळ वाचता येत होतं.

'नॉर्मल क्र. ८. दिसलं: डाव्या हाताची विडी. गाठ पक्की.'